पेशीचे कुळ सांगणारे रंग

कातडीवर एक गाठ येते. दुखत नाही, म्हणून रोगी फार दिवस तिची दखल घेत नाही. मग शस्त्रवैद्य ती काढतात, आणि कर्करोग ठरल्यावर खरा प्रश्न उभा राहतो: हा रोग कातडीतच उपजला, की फुफ्फुसात उपजून येथे वस्तीला आला? उत्तर चुकले तर उपचाराची दिशाच चुकते.

न रंगविलेला मांसाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली अगदी फिका दिसतो. 1858 साली जर्मनीत गेरलाख यांनी किरमिजी किड्यांपासून काढलेला कार्मिन रंग पातळ करून वापरला, तेव्हा पेशींची केंद्रे उठून दिसली. 1865 मध्ये ब्योमर यांनी मेक्सिकोकडील एका लाकडाचा रंग, हेमॅटॉक्सिलिन, तुरटीच्या जोडीने वापरला. तुरटीने रंग धरतो हे आमच्या रंगाऱ्यांना काही नवे नव्हते! तो रंग प्रयोगशाळांतून आजही रोज लागतो.

पण या रंगांनी पेशीचा आकार कळे, कुळ कळत नसे. 1972 मध्ये अमेरिकेत टोकर यांनी कातडीच्या एका निराळ्या कर्करोगाचे वर्णन केले. त्याला पुढे मर्केल पेशींचे नाव मिळाले. त्याच्या बारीक, गोल, निळ्या पेशी फुफ्फुसाच्या लघुपेशी कर्करोगासारख्याच दिसतात. नुसत्या हेमॅटॉक्सिलिनवर निवाडा करणे अवघड.

वाट निघाली ती दुसरीकडून. 1941 साली हार्वर्ड येथील आल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडालाच चकाकणारा रंग जोडला. प्रतिपिंड आपल्या ठरलेल्या पदार्थालाच चिकटतो. जेथे चिकटेल तेथे रंग. 1975 मध्ये केंब्रिजला क्योलर व मिलस्टीन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके करण्याची युक्ती काढली, आणि आमच्या मते खरी क्रांती हीच.

1992 मध्ये मोल यांच्या गटाने केरॅटिन 20 या प्रथिनाचा कर्करोगांतील ठाव घेतला. मर्केल पेशींत ते बहुधा केंद्राशेजारी ठिपक्यासारखे रंगते. फुफ्फुसाच्या त्या गाठीत सहसा नाही. उलट टीटीएफ-1 हे प्रथिन फुफ्फुसाच्या गाठीत पुष्कळदा रंगते, मर्केलमध्ये क्वचितच. मात्र केरॅटिन 20 आतड्याच्या कर्करोगातही सापडते. म्हणून विकृतिशास्त्रज्ञ एका रंगाची साक्ष पुरेशी धरीत नाहीत. दोन-चार रंग मिळून पाहतात, शिवाय रोग्याच्या छातीचे चित्र मागवितात. इतके करूनही काही वेळा अहवालात ‘मूळ स्थान अज्ञात’ एवढेच लिहावे लागते.