ग्रोसरी, घाऊक आणि लिंकन

बटणे, पेन्सिली यांचा घाऊक भाव आजही ग्रोसवर सांगतात; ग्रोस म्हणजे 12 डझन. हा ‘ग्रोस’ आणि किराणा दुकानाची ‘ग्रोसरी’ एकाच फ्रेंच मुळाचे. ग्रोसर म्हणजे मुळात घाऊक विकणारा. लंडनचे मिरीचे व्यापारी चौदाव्या शतकात या नावाने ओळखले जाऊ लागले. सॅम्युएल जॉन्सनने 1755च्या कोशात हीच व्युत्पत्ती दिली, पण जोडीला दुसरीही नोंदवली: लॅटिनमधला ‘ग्रॉसस’, म्हणजे अंजीर! त्याच्या काळातल्या ग्रोसरांचा माल पाहता त्याला ती शोभणारी वाटली. मला अजिबात पटत नाही. हा शब्द घाऊक-किरकोळच्या सीमेवरच जगला, आणि त्याची साक्ष अब्राहम लिंकनचे दुकान देते.

1831मध्ये लिंकन इलिनॉयमधल्या न्यू सेलम या खेड्यात दुकानात नोकरीला लागला. पुढच्या वर्षी विधिमंडळाची निवडणूक हरला आणि विल्यम बेरीबरोबर भागीदारीत दुकान घेतले. तिथल्या कायद्याने दुकानदाराला क्वार्टच्या मापापासून वर दारू विकता येई. त्याहून कमी द्यायची तर खाणावळीचा परवाना लागे. 6 मार्च 1833 रोजी बेरी-लिंकन यांच्या नावाने तो 7 डॉलरला निघाला. ठरवून दिलेल्या दरांत अर्धा पाइंट व्हिस्की साडेबारा सेंट, आणि रात्रीचा मुक्कामही साडेबारा सेंटच.

21 ऑगस्ट 1858. इलिनॉयमधल्या ओटावाच्या जाहीर वादसभेत लिंकनचा सिनेटच्या निवडणुकीतला प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस याने त्याला न्यू सेलमचा ग्रोसरीवाला म्हणून डिवचले. अमेरिकेच्या पश्चिम भागात तेव्हा ग्रोसरी म्हणजे दारूचा गुत्ता. लिंकनने साफ सांगितले, आपण कुठेही ग्रोसरी चालवलेली नाही; एका हिवाळ्याच्या अखेरीस दारूभट्टीवर काम मात्र केले. परवान्याकडे बोट दाखवून त्याला खोटे ठरवता येते. पण परवान्यासाठीच्या जामीनपत्रावरची त्याची सही त्याच्या हातची नाही. शिवाय मापाने माल देणारे ते दुकान आणि पेल्याने पाजणारा तो गुत्ता, हा भेद त्याच्या श्रोत्यांना पाठ होता. घाऊकवाल्याचे नाव पेलेवाल्याला चिकटले कसे? माझा तर्क असा, की खेड्यातल्या दुकानात पिंपाभोवतीच बैठक जमे. हळूहळू बाकीचा माल गेला, पिंप आणि पाटी राहिली.

बेरी-लिंकनचे दुकान बुडाले. 1835मध्ये बेरी वारला आणि सुमारे 1,100 डॉलरचे कर्ज एकट्या लिंकनवर आले. तोवर, 1834मध्ये, तो विधिमंडळावर निवडून गेला होता. कर्ज त्याने पुढे बरीच वर्षे फेडले. भट्टीचे काम भरसभेत आपणहून कबूल करणारा माणूस गुत्ता लपवेल, हे मी मानत नाही.