ठासणीची बंदूक

नाशिककरांस 'नारोशंकराची घंटा' हा शब्दप्रयोग समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. पंचवटींतील ज्या मंदिरावर ती घंटा टांगलेली आहे, तें बांधणाऱ्या सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनीं मालेगांव येथें मोसम नदीच्या कांठीं एक भुईकोट किल्लाही उभारला. त्याच्या बांधकामास १७४० च्या सुमारास आरंभ झाला. घंटेची कीर्ति घरोघरीं पोहोंचली. किल्ल्याची मात्र तितकीशी पोहोंचली नाहीं. वस्तुतः पेशवाईच्या अखेरच्या लढाईंत आजच्या नाशिक जिल्ह्यांत इंग्रजांना खरा झगडा द्यावा लागला तो याच किल्ल्याशीं.

१८१८ च्या एप्रिल महिन्यांत कर्नल मॅकडोवेलची फौज या भागांत शिरली. अंकाई-टंकाईची दुर्घट जोडी एक बार न उडतां स्वाधीन झाली. राजधेर आणि त्र्यंबक हे एरवीं अजिंक्य मानलेले गड. पण तेही तोफांचा मारा सुरू झाल्यावर फार काळ टिकले नाहींत. मे महिन्याच्या मध्यास हीच फौज मालेगांवास आली. येथें ना उंच कडा, ना बिकट वाट. आंत होते सुमारें साडेतीनशें अरब शिपाई, आणि त्यांच्या हातीं होत्या तोड्याच्या बंदुका. तरी किल्ला जवळजवळ महिनाभर झुंजला. २९ मे रोजीं तटाला पाडलेल्या खिंडारावर इंग्रजांनीं हल्ला चढविला. खिंडाराच्या माथ्यापर्यंत जाऊन पोहोंचलेला नॅट्स नांवाचा तरुण अधिकारी अनेक गोळ्या लागून तेथेंच पडला, आणि हल्ला मागें घ्यावा लागला. या वेढ्यांत इंग्रजांकडील मेलेल्यांची व जखमींची संख्या दोनशेंच्या वर गेली. ज्या हत्याराला कंपनीचे अधिकारी जुनाट म्हणून हिणवीत, त्यानें केलेलें हें काम आहे. म्हणून तें हत्यार होतें तरी कसें, हें जरा निरखून पाहिलें पाहिजे.

तोंडाकडून दारू आणि गोळी घालून गजानें ठासावयाची ती ठासणीची बंदूक. या व्याख्येनें पाहिलें तर मालेगांवच्या वेढ्यांत दोन्ही पक्षांकडे ठासणीच्याच बंदुका होत्या. भेद होता तो ठिणगीचा. कंपनीच्या शिपायाची बंदूक चकमकीची. चाप ओढला कीं गारगोटी पोलादावर घांसून ठिणगी पडे. अरबाची बंदूक तोड्याची. सुताची दोरी सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविली म्हणजे ती उदबत्तीप्रमाणें संथ जळत राहते. तिलाच तोडा किंवा जामगी म्हणत. चाप दाबतांच तोडा धरणारा लोखंडी चिमटा पुढें झुके व जळतें टोंक प्याल्यांतील रंजकेला लागे. रंजकेचा जाळ कानांतून नळींत जाई आणि बार उडे.

कवाइती शिपाई चकमकीच्या बंदुकीनें मिनिटास दोन-तीन बार काढी. तोडेवाल्याला तें साधणें शक्य नव्हतें. एका हातीं पेटलेला तोडा आणि दुसऱ्या हातीं उघडी दारू असा खेळ घाईनें केला तर वैऱ्यापूर्वीं आपणच जळावयाचे! पण तटाच्या जंगीआड बसलेल्याला घाई करण्याचें कारण काय? लांब नळी दगडावर टेकवावी, माशीवर नजर लावावी, आणि खिंडारांतून डोकें वर येण्याची वाट पाहावी. मोकळ्या मैदानांत हा संथपणा घातक ठरे. तटावर तो फारसा नडत नसे.

परंतु या बंदुकीचा मोठा गुण तिच्या नेमांत नव्हता, तो तिच्या साधेपणांत होता. चकमकीच्या बंदुकीच्या कळींत पोलादी कमानी असतात; कमान तुटली कीं ती तितक्याच कसाची घडविणारा कारागीर शोधावा लागतो. तोड्याच्या बंदुकीला कमान असली तरी साधी, नसली तरी चाले. नळी म्हणजे लोखंडाची पट्टी सळईभोंवतीं गुंडाळून, तापवून, ठोकून एकजीव केलेली. ती दस्त्याला पितळी पट्ट्यांनीं किंवा चामड्याच्या वाद्यांनीं आंवळलेली. गांवच्या लोहाराला व सुताराला जमणार नाहीं असें त्यांत फारच थोडें. दारूचेही तेंच. जुन्या भिंतींची खारवट माती धुवून सोरा काढीत. रुईचा किंवा तुरकाट्यांचा कोळसा करीत. गंधक तेवढा बाजारांतून आणावा लागे. वजनाच्या शंभर भागांत सुमारें पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक हें प्रमाण साधलें कीं उत्तम दारू झाली. शिसें वितळवून गोळ्या घरींच ओतीत. थोडक्यांत, गंधक आणि शिसें सोडल्यास ही बंदूक बाहेरच्या जगावर अवलंबून नव्हती.

तिची निगा मात्र कडक ठेवावी लागे. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावरही काजळी व क्षार यांच्या रूपानें मागें उरतो, आणि तो हवेंतील ओल शोषून घेतो. बार उडविलेली बंदूक तशीच ठेवली, तर एका रात्रींत नळीला गंज धरूं लागतो. मग इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळ्यांत काय होत असेल, हें सांगावयास नको. त्यावर उपाय एकच, कढत पाणी. कान काडीनें मोकळा करावयाचा, नळींत उकळतें पाणी ओतून गजाला बांधलेल्या चिंधीनें घासावयाचें, आणि पाणी स्वच्छ येईतों हें चालू ठेवावयाचें. पाणी उकळतेंच हवें. कारण त्यानें नळी तापते आणि उरलेली ओल आपोआप सुकून जाते. कोमट पाण्यानें काम भागविणाऱ्या आळशाची नळी आंतून गंजून जाई. शेवटीं तेलाचा हात. खंडेनवमीला शस्त्रें घांसूनपुसून पूजेला मांडण्याची चाल आहे. ती नेमकी पावसाळा सरतांना येते, ही गोष्ट हत्यारें वापरणाऱ्या पूर्वजांच्या व्यवहारज्ञानास शोभणारीच म्हटली पाहिजे.

दुरुस्तीचीं कामें ठराविक असत. पुष्कळ वर्षें बार काढून काढून कान झिजतो व रुंद होतो. मग दारूचा जोर गोळीमागें न लागतां कानांतून बाहेर फुटतो आणि नेमबाजाची भुंवई भाजते. अशा वेळीं जुना कान लोखंडाच्या खिळ्यानें बुजवून नवा बारीक कान पाडीत. दुसरें दुखणें गळक्या बुडाचें. नळीचें बूड जेथें बंद केलेलें असतें तेथून धूर येऊं लागला, कीं शहाण्यानें ती बंदूक खांद्याला लावूं नये. पण पुष्कळ नळ्या फुटत त्या लोहाराच्या दोषानें नव्हे, तर ठासणाऱ्याच्या चुकीनें. काजळीनें नळी अरुंद झाली कीं गोळी अर्ध्यावर अडते. ती दारूवर घट्ट न बसतां मध्यें पोकळी राहिली आणि बार काढला, तर नळी तेथेंच फाटते. म्हणून जाणते लोक गजावर खूण करीत. बार बरोबर भरला गेला म्हणजे गज त्या खुणेपर्यंतच आंत जाई. खूण तोंडाच्या वर राहिली कीं समजावें, गोळी अडली आहे किंवा चुकून दुहेरी बार भरला गेला आहे. एवढी एक रेघ कित्येकांचे डोळे व बोटें वांचवून गेली असेल.

मालेगांवच्या अरबांचा पराभव त्यांच्या बंदुकींनीं केला नाहीं. जूनमध्यें इंग्रजांकडे कुमक व उखळी तोफा आल्या. ११ जून रोजीं त्यांचे गोळे किल्ल्यांतील दारूच्या कोठारावर पडले. स्फोट असा झाला कीं तटाचा एक भाग खंदकांत कोसळला, आणि दोन दिवसांनीं किल्ला स्वाधीन झाला.

यानंतर चाळीस वर्षांनीं याच जिल्ह्यांत ठासणीच्या बंदुका पुन्हा कडाडल्या. भागोजी नाईक हा पूर्वीं पोलिसांत असलेला भिल्ल पुढारी सिन्नर तालुक्यांत नांदूर-शिंगोट्याजवळ आपले लोक जमवून बसला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजीं त्याच्यावर चालून गेलेला पोलिस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री भिल्लांच्या गोळीनें ठार झाला. पुढें दोन वर्षें भागोजीनें सरकारला डोंगराडोंगरांतून पळविलें. १८५९ च्या नोव्हेंबरांत तो लढतांना पडला.

परंतु तोंवर बंदुकीचें युग पालटलें होतें. ज्या काडतुसांवरून उत्तरेंत भडका उडाला, तीं एन्फील्ड रायफलचीं होतीं. ही रायफलही ठासणीचीच. पण तिच्या नळीला आंतून तीन आटे पाडलेले असत. लांबट गोळीचें बूड पोकळ असे. तें दारूच्या दाबानें फुलून आट्यांत रुतून बसे, आणि गोळी स्वतःभोंवतीं फिरत बाहेर पडल्यामुळें सरळ व दूर जाई. गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा भरवसा शंभर यार्डांच्या आसपास संपतो. या रायफलच्या निशाणपट्टीवर नऊशें यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. बंड मोडल्यावर सरकारनें एक लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट केली. देशी शिपायांसाठीं एन्फील्डच्याच घाटाच्या, परंतु आटे नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका मुद्दाम बनवून घेतल्या. शिपाई हवा, पण त्याचा नेम गोऱ्या सोजिराइतका लांब जातां कामा नये, असा हा हिशेब होता.

रयतेच्या बंदुकीवर दुहेरी घाला आला. कायद्याचा घाला उघड होता: १८५७ व १८६० सालच्या कायद्यांनीं हत्यारें जप्त करण्याचे अधिकार मिळविले, आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा गुन्हा ठरविला. दुसरा घाला दिसण्यांत अगदीं क्षुल्लक, वाटाण्याएवढ्या तांब्याच्या टोपीचा. तोडा गेला, गारगोटी गेली. कानावर टोपी बसवून घोडा आपटला कीं बार उडूं लागला. भर पावसांतही चालणारी ही सोय कोणाला नको होती? पण टोपीच्या आंतलें स्फोटक द्रव्य गांवच्या लोहाराला करतां येण्याजोगें नव्हतें. टोपी दुकानांतून घ्यावी लागे, आणि दुकानदार परवाना पाहिल्यावांचून ती देत नसे. जप्तींतून एखादी नळी गवताच्या गंजींत लपवून वांचवितां आली, तरी टोप्यांवांचून ती निव्वळ लोखंडाची कांब. कायद्यापेक्षां या टोपीनेंच गांवची बंदूक कचेरीच्या दाराशीं अधिक पक्की बांधली, असें मानावयास जागा आहे.

तरीही ठासणीची बंदूक समूळ नाहींशी झालेली नाहीं. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र-कायद्यांत पिकांच्या रक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकार बंद झाली, तेव्हां पुष्कळदां रानडुकरांना पिटाळण्यापुरता नुसता दारूचा बारच काढावा लागतो. विशेषतः कोंकणांत शेतकऱ्यांकडे अशा बंदुका अद्याप आहेत. निवडणुका आल्या कीं परवान्याचीं हत्यारें पोलिस ठाण्यांत जमा करण्याचे हुकूम सुटतात. निकालानंतर बंदूक घरीं परत येते, तेव्हां आंत गंज धरला आहे कीं काय हें पाहण्यासाठीं मालक प्रथम गज काढतो आणि चुलीवर पाणी उकळत ठेवतो.