चिक चॉकलेट यांचा बॉक्स सेट कुठे अडला?

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या ओझ्मा रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने तीन तबकड्यांचा एक बॉक्स सेट काढला. त्यासाठीचा पैसा आदल्या वर्षी लोकवर्गणीतून उभा राहिला होता. आतले संगीत मात्र चाळीस वर्षे जुने होते. नासाने १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवरचे ध्वनी या संचामुळे विनाइलवर प्रथमच सर्वसामान्य श्रोत्यांच्या हाती आले.

त्या संचात दोन नावे एकाच पेटीत नांदतात. एक लुई आर्मस्ट्राँग, त्यांच्या १९२७ च्या ध्वनिमुद्रणासह. दुसरे नाव केसरबाई केरकर यांचे. फोंडा तालुक्यातील केरी हे त्यांचे गाव आणि मुंबई ही कर्मभूमी. व्हॉयेजर १ अवकाशात झेपावल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाईंचे निधन झाले.

केसरबाईंच्या ज्या ध्वनिमुद्रिकेची निवड झाली, ती त्या वेळी बाजारात मिळतच नव्हती. निवड करणाऱ्या मंडळींना तिच्या प्रती अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात सापडल्या. मेजाखाली ठेवलेल्या खोक्यात त्या न उघडलेल्या पडल्या होत्या. ताऱ्यांकडे निघालेला आवाज आधी मेजाखालून काढावा लागला, हे ध्यानात ठेवावे. पुढची सारी कथा अशाच खोक्यांची आहे.

गोव्यातच, पण बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावी १९१६ साली अंतोनियो शाविएर वाझ यांचा जन्म झाला. मुंबईने त्यांना चिक चॉकलेट या नावाने ओळखले आणि ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ ही पदवी दिली. आर्मस्ट्राँग यांच्या वादनाचे असंख्य संच निघाले. चिक यांच्या समग्र ध्वनिमुद्रणांच्या पेटीची मात्र जुन्या तबकड्यांचे संग्राहक अजून वाट पाहत आहेत.

या प्रतीक्षेचे कारण कंपन्यांची उदासीनता, असे चटकन म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण खरी अडचण वेगळी आहे. चिक यांच्या बाबतीत ‘समग्र’ या शब्दाचा अर्थच ठरवता येत नाही.

मुंबईत जॅझ कसे रुजले, ते थोडक्यात पाहू. १९३५ च्या हिवाळ्यात व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. पुढच्याच वर्षी क्रिकेट स्मिथ यांच्या वाद्यवृंदाने मुंबईत ‘ताजमहाल’ हा फॉक्सट्रॉट ध्वनिमुद्रित केला. ती रचना मीना सायलस या मुंबईकर बगदादी यहुदी संगीतकाराची होती. पियानोवादक टेडी वेदरफर्ड मुंबईत वाजवून पुढे कलकत्त्याला गेले आणि १९४५ मध्ये तिथेच पटकीने वारले. या पाहुण्यांच्या शेजारी बसून वाजवणारे तरुण बहुधा गोव्याचे असत. गोव्यातल्या चर्चच्या संगीतशाळांत मुलांना व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. कानावर न विसंबता कागदावरून वाजवणारे वादक हिंदुस्थानात त्या काळी फारसे नव्हते. गोव्याकडे ते मुबलक होते.

चाळिशीच्या दशकात चिक यांचा वाद्यवृंद अपोलो बंदरावरच्या ग्रीन्स हॉटेलात वाजू लागला. ते हॉटेल आज नाही. १९७० च्या दशकात त्याच जागी ताजचा मनोरा उभा राहिला. त्या संध्याकाळींचे ध्वनिमुद्रण कोण करणार? वाद्यवृंदाच्या नावाने मोजक्या तबकड्या निघाल्या, एकेका बाजूला जेमतेम तीन मिनिटांच्या. हॉटेलात वाजलेले बाकीचे सारे संगीत हवेत विरले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. मद्य गेले तशी नृत्यगृहांची रया गेली, आणि वादकांनी उपनगरांची गाडी धरली.

मालाडमध्ये बॉम्बे टॉकीज १९३४ पासून होती. गोरेगावात १९४३ मध्ये फिल्मिस्तान उभी राहिली. तिथल्या चित्रपटांना ज्यांनी पाश्चात्त्य ठेक्याची चटक लावली, ते संगीतकार पुणतांब्याचे: रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्र. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे रागसंगीत शिकलेल्या अण्णांनी ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘समाधी’ (१९५०) या फिल्मिस्तानच्या चित्रपटांत नृत्यगृहातला ताल थेट गल्लीबोळांत आणला. गोरेगाव-मालाडच्या रस्त्यांवर पोरे शिट्टीवर ज्या चाली वाजवत, त्यांचे मूळ लॅटिन अमेरिकेत आहे, याची कुणाला खबर नव्हती आणि गरजही नव्हती.

अण्णांचे साहाय्यक आणि संगीत संयोजक म्हणून चिक चॉकलेट यांनी काम केले. ‘संगीत संयोजक’ हा शब्द आज श्रेयनामावलीत सहज वाचला जातो, त्या काळी तो बहुतेक अदृश्य होता. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. तिला हार्मनी देणे, कुठे ट्रम्पेट उठेल आणि कुठे सॅक्सोफोन थांबेल हे ठरवणे, कडव्यांमधले संगीत रचणे आणि प्रत्येक वादकापुढे त्याचा कागद ठेवणे ही संयोजकाची कामे. सेबॅस्टियन डिसोझा यांनी ती शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी केली. फ्रँक फर्नांड यांनी अनेकांसाठी केली आणि पुढे ‘आमचें नशीब’, ‘निर्मोण’ हे कोकणी चित्रपट घडवले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घराघरांत पोहोचले, तेही त्यांच्या संगीतरचनांमुळे नव्हे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या संगीताने नटलेल्या एका चित्रपटगीतात १९७७ साली ते नाव झळकले, म्हणून. व्हॉयेजरचेच वर्ष! इतिहासाला कधी कधी विनोद सुचतो.

चिक यांचे कर्तृत्व सर्वांत स्पष्ट दिसते ते ‘अलबेला’ (१९५१) मध्ये. भगवानदादांच्या त्या चित्रपटात ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही येतात. ज्या माणसाचा श्वास असंख्य घरांत पोहोचला, त्याचा चेहरा इथे क्षणभर पाहता येतो. त्याच वर्षी देव आनंद आणि मधुबाला यांच्या ‘नादान’ला त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. मे १९६७ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावरच, ते गेले.

आता ७८ फेऱ्यांची एखादी चित्रपटगीताची तबकडी हातात घ्या. लेबलवर चित्रपटाचे नाव, गायकाचे नाव, संगीतकाराचे नाव. ट्रम्पेटवादक कुठेच नाही. अर्थात त्या काळात गायकांनाही नाव सहज मिळत नसे. ‘महल’ (१९४९) मधील लता मंगेशकरांच्या अजरामर गीताच्या पहिल्या तबकड्यांवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापले होते. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव! लताबाईंना पुढे आपले नाव मिळाले. वादकांच्या ओळीत बसलेल्यांना मिळाले नाही.

जॅझच्या जगात बॉक्स सेट म्हणजे काय, याचा आदर्श ‘मोझेक रेकॉर्ड्स’ने घालून दिला. मायकेल कस्कुना आणि चार्ली लॉरी यांच्या या कंपनीने १९८३ मध्ये थेलोनियस मंक यांच्या ब्लू नोट ध्वनिमुद्रणांचा संच काढून आरंभ केला. मर्यादित प्रती आणि सोबत सविस्तर पुस्तिका, ही तिची रीत. ध्वनिमुद्रणाची तारीख, स्थळ, हजर असलेला प्रत्येक वादक, वापरला गेलेला टेक आणि बाजूला ठेवलेला टेक, सगळे त्या पुस्तिकेत. संग्राहक वर्षानुवर्षे थांबतात ते निव्वळ संगीतासाठी नव्हे, या वहीसाठी. आणि ती वही लिहिता आली, कारण कंपन्यांच्या दफ्तरांत नोंदी शिल्लक होत्या.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात कोणत्या दिवशी कोण वाजवत होते, हे कळण्याचा मार्ग बहुधा वादकांच्या आठवणींतून जातो. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या स्टुडिओवादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ सिद्ध केला. नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ २०१२ मध्ये आले आणि त्यासोबत जुन्या ध्वनिमुद्रणांची सीडीही आली. त्याआधी १९८४ मध्ये ब्रिटनमधल्या हार्लेक्विन या लेबलने भारतात १९२६ ते १९४४ या काळात मुद्रित झालेल्या जॅझ आणि नृत्यसंगीताची एक एलपी काढली होती. म्हणजे मुंबईचे जॅझ पेटीत नसले, तरी झोळीत थोडे थोडे जमा होत आले आहे.

ही झोळी भरणारे लोक कोण? संग्राहक. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सुरेश चांदवणकर तिचे मानद सचिव, आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचे नियतकालिक. भौतिकशास्त्राच्या संस्थेतल्या माणसाने तबकड्यांच्या याद्या कराव्यात, यात नवल वाटण्याचे कारण नाही. दोन्हीकडे मोजमापाशिवाय पान हलत नाही. ‘यंग इंडिया’ या मुंबईतल्या स्वदेशी लेबलच्या तबकड्या चांदवणकरांनी ब्रिटिश लायब्ररीच्या एंडेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्रॅमखाली डिजिटल रूपात आणल्या. कंपनी कधीच बंद पडली होती. त्यामुळे तबकड्या आल्या त्या संग्राहकांच्या फळ्यांवरून.

या फळ्या आज अनेकदा उपनगरांत असतात. तिथला प्रश्न आधी वजनाचा असतो. दहा इंची लाखेची तबकडी सुमारे दोनशे ग्रॅम भरते. हजार तबकड्या म्हणजे दोन क्विंटल भार, आणि तोही दोन खोल्यांच्या घरातल्या माळ्यावर. पावसाळ्यात कागदी वेष्टनांना बुरशी धरते. अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली की माळे रिकामे करावे लागतात. भाड्याच्या तात्पुरत्या घरात आजोबांच्या तबकड्यांना जागा नसते. मग भंगारवाला येतो. तबकडी फुटली तर ती जोडता येत नाही, आणि त्या मुद्रणाची ती अखेरची प्रत होती की नव्हती, हे सांगायला कुणी नसते.

उरलेल्या प्रतीतून ध्वनी काढणे ही निराळी विद्या आहे. एलपीची सुई या तबकडीला चालत नाही. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुमारे तीनपट रुंद टोकाची सुई लागते. पूर्वी पोलादी सुया वापरत आणि दर बाजूला सुई बदलायची असे. ती बदलण्याचा कंटाळा केलेल्या घरातली तबकडी आज खरखरते. नेमका चढ्या आवाजाचा भाग, म्हणजे ट्रम्पेट, आधी झिजतो. म्हणून एकाच तबकडीच्या दोन-तीन प्रती मिळवून त्यांतली सर्वांत निरोगी निवडावी लागते. लेबलशेजारच्या गुळगुळीत कड्यात उमटवलेला मॅट्रिक्स क्रमांक वाचून कोणते मुद्रण कोणते, हे ठरवावे लागते. लेबल चुकू शकते, हा क्रमांक सहसा चुकत नाही.

मग चिक चॉकलेट यांच्या पेटीत काय ठेवायचे? त्यांच्या नावाच्या मोजक्या तबकड्या घेतल्या, तर संच प्रामाणिक होईल, पण माणूस अर्धाही दिसणार नाही. ‘अलबेला’ची गाणी घेतली, तर ती अण्णांची, लताबाईंची आणि भगवानदादांची म्हणून आधीच अनेकदा पुन्हा निघाली आहेत. त्यांतले ट्रम्पेटचे आरंभीचे काही सेकंद कापून वेगळे मांडणे हा त्या गाण्यांवर अन्याय ठरेल. संग्राहकांत या मुद्द्यावर दोन तट पडू शकतात आणि दोघांचेही म्हणणे रास्त आहे. तरीही पेटीत गाणी अखंड हवीत. तीन मिनिटांच्या गाण्यात आपले वीस सेकंद नेमके कुठे बसवायचे, हे ठरवणे हीच तर चिक यांची कला होती. सुटे केलेले वीस सेकंद तिची साक्ष देत नाहीत.

कायद्याचा हिशेबही मांडून ठेवावा. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचे संरक्षण प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकते. १९५१ च्या तबकड्यांचे ते २०११ अखेर संपले. संगीतरचनेचे संरक्षण मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचे आहे. सी. रामचंद्र यांचे निधन १९८२ मधले, त्यामुळे ‘अलबेला’च्या चाली २०४२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. चिक चॉकलेट यांच्या स्वतःच्या रचना १ जानेवारी २०२८ रोजी मुक्त होतील. त्या दिवसाआधी त्यांच्या नावाच्या तबकड्यांची पूर्ण यादी तयार व्हायला हवी. आणि त्यासाठी कुणा ना कुणाला माळ्यावर चढून मॅट्रिक्स क्रमांक उतरवून घ्यावे लागतील.