कोऱ्या कापडाला मज्जाव

हैदराबादच्या पुरानी हवेलीत सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची कपड्यांची कपाटं पाहायला मिळतात. १७६ फूट लांबीचं दुमजली लाकडी दालन, दोन्ही अंगांना कपाटांच्या रांगा आणि वरच्या मजल्यावर जायला हाताने फिरवायची लिफ्ट. महबूब अली पाशा एकदा घातलेला कपडा पुन्हा अंगाला लावत नसत, असं तिथे येणाऱ्याला हमखास सांगतात. खरं-खोटं निजाम जाणे. पण मुसी नदीच्या पल्याड, सुलतान बाजार, हनुमान टेकडी, इसामिया बाजार या भागांतल्या मराठी घरांत कापडाचा हिशेब नेमका उलटा मांडला जाई. तिथे घरात बाळ जन्माला आलं की कोऱ्या कापडाला मज्जाव असे. लुगडं जितकं जास्त नेसलेलं, जितक्या वेळा धुतलेलं, तितकं ते बाळाच्या अंगाला योग्य.

मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. बाळंतविडा घेऊन जायची रीत मराठी मुलखात सगळीकडे आहे. झबली, टोपडी, लंगोट, बाळुती, दुपटी, कुंची, मोहरीची छोटी उशी, जोडीला बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा. बऱ्याच घरांत बाळ होण्याआधी त्याच्यासाठी एक टाकाही घालत नाहीत. फार तर जुनी लुगडी निवडून, धुऊन, उन्हात वाळवून घड्या करून ठेवायच्या. म्हणजे शिवणाला जन्मापासून बारशापर्यंत बाराच दिवस. आत्या, मावश्या, शेजारणी दुपारची जेवणं उरकून सुई-दोरा घेऊन बसत त्या याच दिवसांत. बाजारातून आणून देण्याची ही भेट नव्हती. ज्या बाईचं लुगडं फाडलं, तिची आठवण त्या दुपट्याला कायमची चिकटत असे, आणि ‘हे आजीच्या लुगड्याचं’ असं पुढे कित्येक वर्षं सांगितलं जाई.

हैदराबादेत ही रीत पोचली ती माणसांबरोबर. निजामांच्या आसफजाही दफ्तरांत मराठी कारभारी पिढ्यान्‌पिढ्या काम करत होते. त्यांतल्या राय रायां घराण्याची देवडी, म्हणजे वाडा, शालीबंड्यात होती. पुढे वकील, शिक्षक, कारकून आले. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये विवेक वर्धिनी ही शाळा सुरू झाली आणि १९२२ मध्ये इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. मराठवाड्याचे पाचही जिल्हे तेव्हा निजामाच्याच राज्यात होते. राज्यातला साधारण चौथा माणूस मराठी बोलणारा. साहजिकच हैदराबादच्या सुनांची माहेरं नांदेड, परभणी, औरंगाबाद, बीड या बाजूंना होती.

पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे बाळंतविड्याचा इतिहास काही अंशी रेल्वेचाही इतिहास आहे. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड हा मीटरगेज मार्ग सुरू झाला. निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद ही गावं त्याने एका धाग्यात ओवली. १९१६ मध्ये काचीगुड्याचं देखणं स्टेशन बांधून झालं आणि बाळाला घेऊन सासरी निघालेल्या लेकी तिथे उतरू लागल्या. बरोबर ट्रंक, आणि ट्रंकेवर दोरीने बांधलेलं गोधड्यांचं बोचकं. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाली. माहेर आणि सासर रातोरात दोन राज्यांत पडलं. बोचकी मात्र त्याच गाडीने येत राहिली.

दुपट्याला कापड कोणतं, यात हैदराबादकर मराठी बायकांची चैन होती. नारायणपेठ आणि गढवाल ही विणकरांची गावं आज तेलंगणात आहेत. इरकली लुगडी कर्नाटकातल्या इळकलहून येत. नारायणपेठी सुती नऊवारी लुगडं मराठी बाईच्या रोजच्या नेसण्यातलं. नवं असताना खळीने ताठ आणि रंगाने भडक. दोन-चार वर्षं रोज विहिरीवर किंवा नळाखाली आपटून धुतलं की खळ जाते, रंग उतरतो, सूत फुगतं आणि पाणी शोषू लागतं. बाळाच्या कातडीला हेच हवं असतं. कोरं कापड वर्ज्य करण्यामागे सटवाई आणि दृष्टीची भीती होतीच. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे नवसाच्या बाळाला दुसऱ्यांकडून मागून आणलेल्या जुन्या कापडाचं अंगडं घालत, आणि नावही धोंडू नाहीतर दगडू ठेवत, म्हणजे काळाची नजर त्याच्यावर ठरू नये. पण श्रद्धेचा भाग वजा केला तरी हात लावून पाहणाऱ्याला या रिवाजातला शहाणपणा कळतो.

नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरहून थोडं जास्त कापड. त्यातून दोन पदरांची चार दुपटी निघतात, आणि विरलेल्या भागाची बाळुती. जाणती बाई कापड कात्रीने कापत नाही. कडेला जरासा छेद देते आणि टर्रकन फाडते. फाडलेली कड सुताच्या रेषेत सरळ जाते. मग दोन्ही पदर जमिनीवर अंथरायचे, हाताने सुरकुत्या काढायच्या, चार कोपऱ्यांवर पाट, तांब्या, जे हाताशी असेल ते ठेवायचं आणि लांब टाक्यांनी आधी कच्चं करून घ्यायचं. पुढचा धावदोरा कडेकडून आत सरकतो, चौकोनात चौकोन असा. दोऱ्याची गाठ दोन पदरांच्या मध्ये लपवायची, कारण उघडी गाठ बाळाला बोचते. शेवटी लुगड्याचाच काठ भोवताली लावला की दुपटं झालं. झबल्याचीही तीच तऱ्हा. बटण नाही, नाड्या. आणि पहिल्या महिन्याच्या झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला. न कळणाऱ्याला ते उलटं घातलंय असंच वाटावं.

मोठी गोधडी हे याच कामाचं पुढचं पाऊल. मराठवाड्यात तिला वाकळही म्हणतात. हैदराबादच्या गल्लीत मात्र तिला बरेच शेजारी होते. दखनी बोलणाऱ्या घरात गुदडी, तेलुगू घरात बोंत, आणि बंजारा तांड्यांत दाट समांतर टाक्यांची जाड गोधडी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका आपल्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांना तिकोनी तुकड्यांची फुलं लावतात. फुलांविना कवंदी त्यांना उघडी वाटते. हे सिद्दी आफ्रिकेतून दख्खनमध्ये आलेल्यांचे वंशज, आणि निजामाच्या आफ्रिकन घोडदळाची आठवण हैदराबादेत ए. सी. गार्ड्‌स या वस्तीच्या नावात अजून आहे. धावदोरा सगळीकडे तोच. वरचं फूल, काठ, रंगांची मांडणी यांवरून घर ओळखायचं.

रजईचं घराणं मात्र वेगळं. रजईत कापूस भरतात, तो पिंजावा लागतो, आणि ते काम पुरुषांचं. पिंजारी, नदाफ, तेलुगूत दूदेकुला म्हणतात त्या समाजाचे कारागीर धनुकली घेऊन दारोदार फिरत आणि रोख मजुरी घेत. गोधडीत भरायचं काहीच नसतं. जुन्या कापडावर जुनं कापड, आणि मजुरी शून्य. म्हणूनच पिंजाऱ्यांची नोंद सरकारी दफ्तरांत, जातींच्या ग्रंथांत, खानेसुमारीत सापडते, आणि गोधडी शिवणाऱ्या बाईची कुठेच नाही. तिने धंदा केला नाही एवढाच तिचा गुन्हा.

या सगळ्या जुन्यापान्यात कुंची तेवढी राणीच्या थाटात राही. बारशाला बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडलेली ही टोपीवजा झूल खणाची किंवा रेशमाची, आतून मलमलीचं अस्तर, कडेला जर. इथे हैदराबादने आपला हात दाखवला. चारमिनारजवळच्या लाड बाजारात आणि पत्थरगट्टीत गोटा, किनारी, जरीचा माल मिळे तो नवाबी लग्नांसाठी, पण त्यातलाच वीतभर मराठी कुंचीला पुरत असे. कुंची रोज वापरायची नसल्यामुळे ती टिकते, आणि एकाच कुंचीत बाप, मुलगा, नात अशी तीन पिढ्यांची बारशी झालेली घरं आजही सापडतात.

शिवणयंत्राने पहिला फरक केला. सिंगरची यंत्रं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात विकली जात होती. १९३० च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ तयार होऊ लागली आणि मध्यमवर्गीय घराला यंत्र परवडू लागलं. पुढे झारापकर पद्धतीच्या शिवणवर्गांनी कटिंगचं शास्त्र घरोघर नेलं. अशा वर्गांत पहिला धडा बहुधा झबल्याचा असतो. चुकलं तरी कापड थोडंच वाया जातं, आणि बाळ तक्रार करत नाही. पण यंत्रावर शिवायला नवं, ताठ कापड सोयीचं. विरलेलं लुगडं सुईखाली गोळा होतं. त्यामुळे झबली-टोपडी यंत्रावर गेली, त्यांना पॉपलीन आणि व्हॉइल आलं, आणि दुपटी-गोधड्या हातावरच राहिल्या. कोऱ्या कापडाने बाळंतविड्यात पाऊल टाकलं ते इथून.

दुसरा धक्का दवाखान्याचा. सातव्या निजामांच्या सून राजपुत्री निलोफर यांची दासी बाळंतपणात दगावली आणि त्या दुःखातून रेड हिल्सला निलोफर रुग्णालय उभं राहिलं. १९५३ पासून ते सुरू आहे. सुलतान बाजारातही सरकारी प्रसूतिगृह होतं. बाळंतपणं घरातून रुग्णालयात गेली, तसा सुईणीचा, शेक-शेगडीचा अधिकार सरला. हे चांगलंच झालं, माता आणि मुलं वाचली. मोहरीच्या उशीला आज बालरोगतज्ज्ञ नकार देतात आणि झोपलेल्या तान्ह्याभोवती सैल जाड पांघरुणं नकोत म्हणतात, त्यातही तथ्य आहे. बाळाला गुंडाळायला मऊ सुती दुपटं मात्र डॉक्टरांनाही चालतं.

दुपट्याला खरं मारलं ते नायलॉनने. साठ-सत्तरच्या दशकांत नऊवारी मागे पडली, पाचवारी आली आणि त्यात नायलॉन, टेरिकॉट घुसलं. ही साडी वीस वर्षं धुतली तरी मऊ होत नाही आणि थेंबभर पाणी पीत नाही. तिचं दुपटं होऊच शकत नाही. उरलीसुरली सुती लुगडी बोहारणीच्या टोपलीत गेली आणि बदल्यात स्टीलचे डबे आले. मग १९९४ नंतर हगीज वगैरे बाजारात आले आणि बाळुत्यांची दोरी गच्चीवरून उतरली.

आणि तरीही बाळंतविडा संपला नाही. तेलंगणा सरकारने तो उचलला. जून २०१७ मध्ये हैदराबादच्या पेटलाबुर्ज प्रसूतिगृहात ‘केसीआर किट’चं वाटप सुरू झालं. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला तेव्हा १६ वस्तूंची पेटी मिळे: बाळाचे कपडे, छोटी गादी, मच्छरदाणी, टॉवेल, तेल, साबण, आणि आईला साड्या. शिवाय टप्प्याटप्प्याने १२,००० रुपये, मुलगी झाली तर १३,०००. फिनलंडने हे १९३८ मध्येच केलं होतं, आधी गरीब आयांसाठी आणि १९४९ पासून सगळ्यांसाठी. गंमत अशी, की फिनलंडच्या सुरुवातीच्या पेटीत तयार कपड्यांऐवजी कापड असे, कारण आया घरीच शिवत. १९५७ मध्ये ते कापड जाऊन तयार कपडे आले. बाळंतविड्याचंही पाऊल त्याच वाटेवर पडलं, काही वर्षं उशिरा.

या रिवाजाचा इतिहास लिहिणाऱ्याची पंचाईत ही, की पुरावा वापरूनच संपतो. दरबारी शेरवान्या संग्रहालयात जातात. दुपट्याचं बाळुतं होतं, बाळुत्याचं पोतेरं आणि पोतेऱ्याची राख. उरतात त्या ओव्या. उस्मानिया विद्यापीठात मराठी शिकवणारे ना. गो. नांदापूरकर यांनी मराठवाड्यातल्या बायकांच्या ओव्या जमवल्या, साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये तेच काम केलं, आणि गी पॉयट्व्हँ व हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या. दळताना गायलेल्या या ओव्यांत मामाने आणलेल्या अंगड्या-टोपड्याचं कौतुक येतं. शिवणारीचं नाव त्यांतही क्वचितच असतं.

तेव्हा हैदराबादेत असो वा मराठवाड्यात, ज्यांच्या ट्रंकेत एखादी कुंची किंवा गोधडी अजून शिल्लक असेल, त्यांनी एक काम करावं. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारून, लुगडं कोणाचं, कुठून घेतलेलं, शिवलं कोणी आणि कोणाच्या बारशाला, एवढं कागदावर लिहून त्या घडीत ठेवावं. शक्य तर या वर्षीच.