पांढरट पडलेली जमीन क्षारयुक्त की चोपण? अहवाल वाचूनच जिप्समचा खर्च करा

बारामती आणि इंदापूर हे मुळात कमी पावसाचे तालुके. १८८५ मध्ये पूर्ण झालेल्या नीरा डाव्या कालव्यामुळे इथे ऊस स्थिरावला. मात्र खोल काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा सावकाश होतो. वर्षानुवर्षे पाटपाणी भरपूर दिल्याने भूजल वर येते, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार वरच्या थरात साठतात. कालव्याच्या खालच्या अंगाला आणि ओढ्यालगतच्या सखल रानात हे आधी दिसते.

अशा जमिनीत अनेक जण सरसकट जिप्सम टाकतात. त्यातला बराच खर्च वाया जातो, कारण खराब जमीन एकाच प्रकारची नसते.

क्षारयुक्त जमिनीत वाळल्यावर पांढरा थर येतो, पण माती भुसभुशीत राहते. इथे जिप्समची गरज नाही. चर काढून चांगल्या पाण्याने क्षार खाली धुऊन काढणे हाच उपाय.

चोपण जमीन ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी टणक होते. पाणी मुरत नाही, साचलेले पाणी गढूळ राहते. मातीच्या कणांना सोडियम चिकटल्याने असे होते. इथे जिप्सम उपयोगी पडते. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो.

तिसरा प्रकार क्षारयुक्त-चोपण, आणि फसगत इथेच होते. दिसायला ती क्षारयुक्त वाटते, म्हणून नुसते पाणी देऊन धुतली की क्षार जातात, सोडियम मागे राहतो आणि जमीन पक्की चोपण बनते. अशा जमिनीत आधी जिप्सम, मगच धुणे.

डोळ्यांनी फरक नेहमी कळत नाही, म्हणून माती तपासा. अहवालात सामू ८.५ पेक्षा जास्त आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांवर असेल तर जमीन चोपण समजावी. सोडियमची तपासणी नेहमीच्या अहवालात बहुधा नसते; ती आणि जिप्समची गरज प्रयोगशाळेला मुद्दाम सांगून काढून घ्यावी.

विद्युत वाहकता वाचताना एक काळजी घ्या. पुस्तकात क्षारयुक्त जमिनीसाठी ४ डेसीसायमन प्रति मीटर ही मर्यादा असते, ती संपृक्त मातीच्या अर्काची. आपल्याकडील अहवाल बहुतेक वेळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी या द्रावणाचा असतो. त्यात आकडा बराच कमी येतो. १ च्या वर गेला तरी सावध व्हावे. ऊस क्षारांना तसा नाजूकच.

नमुना पीक काढल्यानंतर, खत टाकण्यापूर्वी घ्यावा. चांगला आणि खराब पट्टा एकत्र करू नये. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा टाळावा. खराब पट्ट्यात ३० सें.मी.च्या टप्प्याने ९० सें.मी. खोलीपर्यंत वेगवेगळे नमुने घ्यावेत. विहिरीच्या पाण्याचाही नमुना द्यावा. पाण्यातच सोडियम असेल तर जिप्समचा परिणाम टिकणार नाही.

जिप्सम बारीक दळलेले असावे, वरच्या २० सें.मी. थरात मिसळावे आणि त्यानंतर पाणी द्यावे. गरजेइतकी पूर्ण मात्रा एकदम न टाकता दोन-तीन वर्षांत विभागावी. चुनखडीयुक्त चोपण जमिनीत जिप्समऐवजी गंधक वापरता येते, कारण गंधकापासून तयार होणारे आम्ल जमिनीतील चुना विरघळवते. धैंचा ४५ ते ५० दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास गाडावा. पाचट जाळू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

यातले काहीही निचऱ्याशिवाय टिकत नाही, आणि निचरा एकट्याच्या रानात संपत नाही. तुमच्या चराचे पाणी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्याला जाते. ओढा बुजलेला असेल तर सगळा खर्च पाण्यात. म्हणून एका चारीवरील शेतकऱ्यांनी आपापले अहवाल एकत्र ठेवून पाहावेत. पाणी कुठून येते आणि कुठे अडते, हे चार-पाच गटांचे आकडे शेजारी मांडले की बरेचसे कळते. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी शिवारफेरीत हा नकाशा शेतकऱ्यांसमोर काढावा. गरज वाटल्यास बारामती येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा १९३२ पासून उसावर काम करणारे पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र येथील तज्ज्ञांना अहवाल दाखवून मगच जिप्समची मागणी नोंदवावी.