पद्मिनीचा शेवट नेमका कधी झाला?

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी चालवायला परवानगी उरली नाही. शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती आणि मुंबईत टॅक्सी वीस वर्षांपर्यंतच चालवता येते. त्या दिवशी माझ्या फोनमध्ये ज्याच्या त्याच्या स्टेटसला पद्मिनीच होती. मीही एक फोटो टाकला.

माझी आठवण मागच्या सीटवरची. लहानपणी दादरला उतरलो की मावशीकडे टॅक्सीने जायचो. मी सगळ्यांत लहान, म्हणून माझी जागा मधली. तिथे पायाखाली एक लांबट उंचवटा यायचा. एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून बसावं लागायचं.

तो उंचवटा कशासाठी होता, हे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. पद्मिनीचं इंजिन पुढे होतं, पण ती ढकलायची मागची चाकं. इंजिनाची ताकद मागे न्यायला गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा जायचा, प्रोपेलर शाफ्ट. त्याला जागा हवी म्हणून तळाचा पत्रा मधोमध वर उचललेला. पद्मिनीचा शेवट शोधायचा तर तो वीस वर्षांच्या नियमात सापडत नाही, या उंचवट्यात सापडतो.

सुरुवात कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी क्रायसलरच्या गाड्या जोडल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये सरकारचं धोरण ठरलं की नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांना इथे जागा नाही. भाग इथेच बनवायची तयारी हवी. १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली. १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली, १९६४ मध्ये तिचं पुढचं मॉडेल आलं, आणि सत्तरच्या दशकात फियाटचं नाव जाऊन तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी.

आता थोडं इटलीत जाऊ. फियाट ११०० ज्यांच्या हाताखाली घडली, त्या इंजिनिअरचं नाव दांते जिआकोसा. १९६९ मध्ये फियाटने ११०० बंद केली आणि तिच्या जागी १२८ आणली. तीही जिआकोसांचीच. तिच्यात इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी आणि ताकद थेट पुढच्या चाकांना. लांब दांडा गेला, उंचवट्याची गरज संपली, बाहेरून तेवढ्याच लांबीच्या गाडीत माणसांना जास्त जागा मिळाली. आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्या याच मांडणीच्या आहेत. म्हणजे जिने पद्मिनीला जन्म दिला ती गाडी तिच्याच कर्त्याने १९६९ मध्ये जुनी ठरवली होती. कुर्ल्यात ती त्यानंतर तीस वर्षं बनत राहिली.

याला आळस म्हणणं सोपं आहे. पण त्या काळात किती गाड्या बनवायच्या, कोणती यंत्रं परदेशातून आणायची, सगळ्याला परवाना लागायचा. किमतीवरही सरकारचं नियंत्रण. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दुसरीकडे गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं रांगेत उभं. बदलायला परवानगी अवघड, आणि बदलायची गरजही नाही.

गाडी वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. टॅक्सीवाल्यांनी तिला उगाच नाही सांभाळलं. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल सगळं सुटं सुटं; जे बिघडलं तेवढंच खोलायचं. कुठल्याही नाक्यावरच्या मेकॅनिकला ती तोंडपाठ होती. पुढे सीएनजीची टाकी बसवूनही ती धावली.

मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. छोटी, हलकी, पुढच्या चाकांवर चालणारी. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई आणली. तिचं इंजिन निस्सानचं होतं, पण सांगाडा १९६६ च्या फियाट १२४ चा, आणि ताकद पुन्हा मागच्या चाकांना. नव्या गाडीतही तो उंचवटा होताच. नव्वदच्या दशकात प्यूजो आणि फियाटबरोबर भागीदाऱ्या झाल्या, पण तोवर उशीर झाला होता. १९९८ च्या अखेरीस पिंपरीच्या टाटांनी इंडिका आणली, तीही पुढच्या चाकांची. कुर्ला ते पिंपरी अंतर दीडशे किलोमीटरही नाही. इंडिकाच्या रूपावर तूरीनच्या एका डिझाइन संस्थेने काम केलं होतं. म्हणजे बाहेरची मदत दोघांनीही घेतली. फरक एवढाच की कुर्ल्याने तयार गाडी घेतली आणि पिंपरीने मदत घेऊन स्वतःची गाडी आखली. काही वर्षांतच कुर्ल्यातून पद्मिनी निघणं थांबलं.

हे मला टोचतं, कारण मी रोज अशाच एका पद्मिनीवर काम करतो. आमच्याकडे माझ्या वयाएवढा जुना एक प्रोग्रॅम आहे. ‘चालतंय ना, मग हात लावू नकोस,’ असं पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं. तो लिहिणारे निघून गेले. आम्ही त्याला ठिगळं लावण्यात तरबेज आहोत. नवीन कसा लिहायचा, हे मात्र आता कुणालाच नीट येत नाही. संरक्षणाने कुर्ल्यात गाडी टिकली, ती दुरुस्त करणारे हात टिकले. नवी गाडी आखायची सवय मात्र तिथे लागलीच नाही.

गंमत म्हणजे मागच्या चाकांची गाडी महाराष्ट्रात परत आली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने दाखवलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या इलेक्ट्रिक गाड्या चाकणला बनतात आणि त्यांची मोटर मागच्या चाकांना फिरवते. म्हणजे मागची चाकं हा दोष कधीच नव्हता. या गाड्यांच्या बॅटरीचे सेल मात्र बाहेरून येतात, जसा कुर्ल्यात एकेकाळी फियाटचा आराखडा आला होता. ते बनवायला आपण शिकणार, की पुन्हा रांगेतल्या गिऱ्हाइकावर खूश राहणार, हे चाकणमध्ये येत्या दहा वर्षांत ठरेल.

परवा शोरूममध्ये त्यातल्या एका गाडीत मुद्दाम मागे, मधल्या जागेवर बसलो. मोटर मागेच असल्यामुळे दांडा नाही. पायाखाली सपाट होतं. मी सवयीने दोन्ही पाय फाकवूनच बसलो होतो.