गुणसूत्रांच्या हद्दी

माणसाच्या एका पेशीतला डीएनए उलगडला तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरते आणि तो मावतो मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात. तिथे त्याची मांडणी कशी आहे, यावर कोणते जनुक चालेल आणि कोणते गप्प राहील, हे बऱ्याच अंशी ठरते. ही गोष्ट सर्वमान्य व्हायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली.

पेशीविभाजन संपले की गुणसूत्रे दिसेनाशी होतात. ती विरघळत नाहीत, सैल होऊन आपापल्या जागी राहतात, असे कार्ल राब्ल यांनी १८८५ मध्ये सॅलॅमँडरच्या पेशी पाहून मांडले. घोड्याच्या आतड्यातल्या जंताच्या अंड्यांवर काम करणाऱ्या थिओडोर बोव्हेरी यांनी १९०९ मध्ये ही कल्पना पुढे नेली: प्रत्येक गुणसूत्राची केंद्रकात स्वतःची हद्द असते. साध्या सूक्ष्मदर्शकाच्या बळावर काढलेला हा निष्कर्ष आजही थक्क करतो.

१९२८ मध्ये एमिल हाइट्झ यांना शेवाळवर्गीय वनस्पतींत गुणसूत्रांचे काही भाग विभाजनानंतरही घट्टच राहिलेले दिसले. या भागांना त्यांनी हेटेरोक्रोमॅटिन म्हटले आणि ते निष्क्रिय असावेत असा तर्क केला. ज्यू वंशाचे ठरवून नाझी राजवटीने त्यांना १९३७ मध्ये हॅम्बुर्गच्या नोकरीतून काढले. पुढचे काम त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये केले. दरम्यान १९३० मध्ये हर्मन मलर यांना क्ष-किरण दिलेल्या फळमाश्यांत लाल-पांढऱ्या ठिपक्यांचे डोळे आढळले होते. लाल रंगासाठी लागणारे जनुक शाबूत होते, पण गुणसूत्र तुटून जोडले जाताना ते हेटेरोक्रोमॅटिनच्या शेजारी गेले होते. त्यामुळे काही पेशींत ते चालू राही, काहींत बंद पडे. जनुकाचा मजकूर तोच, जागा बदलली की वागणूक वेगळी, याचा इतका बोलका पुरावा तोवर मिळाला नव्हता.

तरीही हद्दींची कल्पना मागे पडली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकात नुसता धाग्यांचा गुंता दिसे आणि बहुतेकांनी तोच खरा मानला. जर्मनीत थॉमस आणि ख्रिस्तोफ क्रेमर या भावांनी त्याची परीक्षा घेतली. त्यांनी चिनी हॅमस्टरच्या जिवंत पेशीत केंद्रकाच्या एका ठिपक्यावर अतिनील लेझर रोखला आणि विभाजनाच्या वेळी इजा कोणाला झाली ते पाहिले. गुंता असता तर बरीच गुणसूत्रे दुखावली असती. प्रत्यक्षात मोजक्याच गुणसूत्रांवर खुणा होत्या. १९८० च्या दशकात एकेक गुणसूत्र रंगवण्याचे तंत्र आले आणि हद्दी डोळ्यांना दिसू लागल्या.

एडिनबरोत वेंडी बिकमोर यांच्या गटाने १९९९ मध्ये जवळपास सारख्याच आकाराच्या दोन मानवी गुणसूत्रांची तुलना केली. जनुकांनी गजबजलेले १९ वे केंद्रकाच्या मध्याकडे, तर विरळ जनुकांचे १८ वे कडेला होते. कडेला गेलेले प्रत्येक जनुक बंदच असते, असे मात्र नाही.

२००२ मध्ये डीएनएचे दूरचे कोणते भाग एकमेकांजवळ येतात हे तपासण्याची रासायनिक पद्धत निघाली, २००९ मध्ये तिने सबंध जीनोमचा नकाशा दिला आणि २०१२ मध्ये गुणसूत्राच्या आतही छोटे कप्पे असल्याचे स्पष्ट झाले. जनुकाला चालू करणारा डीएनएचा तुकडा सहसा आपल्याच कप्प्यातल्या जनुकांवर काम करतो. २०१५ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी बोटांच्या जन्मजात व्यंगाचे मूळ अशा एका कप्प्याच्या तुटलेल्या सीमेत दाखवले: शेजारच्या कप्प्यातले जनुक भलत्याच जागी चालू झाले होते. रुग्णांत गहाळ असलेला डीएनएचा भाग उंदरांत सीमेसकट काढल्यावर बोटे बिघडली. सीमा राखून काढल्यावर ती नीट वाढली.